पेशी आपल्या पुटिका कधी सोडते, कधी अडवून धरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्र शिकणारी मुलं आणि क्लिनिकची जाहिरात वाचून चौकशीला आलेले लोक, दोघंही हल्ली एकच शब्द घेऊन येतात: एक्झोसोम. पेशी इवल्याशा पिशव्या बाहेर सोडते, एवढं त्यांना ठाऊक असतं. त्या पिशव्या ती बहुतेक वेळ सोडत नाही, दाराशी आणून थोपवून धरते किंवा वाटेतच पचवून टाकते, ही गोष्ट मात्र पुस्तकांत दोन ओळींत उरकलेली असते. मला या विषयाचा जीव तिथेच दिसतो. म्हणून खालची बरीचशी उत्तरं सोडण्यापेक्षा अडवण्याबद्दल आहेत.

पुटिका म्हणजे काय आणि ती केवढी असते?

स्निग्ध रेणूंच्या दुपदरी पटलाने बंद केलेला थेंब म्हणजे पुटिका. आत थोडं पाणी, प्रथिनं, कधी आरएनए (जनुकातला संदेश वाहणारा रेणू). चेतापेशीच्या टोकाशी असणाऱ्या पुटिका साधारण ४० नॅनोमीटर व्यासाच्या असतात, तर एक्झोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे. १०० नॅनोमीटरचे एक्झोसोम एका ओळीत मांडले तर एका मिलिमीटरमध्ये १०,००० मावतील. कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत हे जग कुणी पाहिलेलंच नव्हतं.

सगळ्या पुटिका एकाच वाटेने बाहेर पडतात का?

नाही, आणि बराच गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘पुटिका सोडणे’ या शब्दांत तीन वेगळ्या घटना दडल्या आहेत.

चेतापेशीत पुटिका स्वतः बाहेर जातच नाही. ती बाहेरच्या पटलाला जुळते, उघडते आणि आतलं रसायन ओतते. तिचं पटल पेशीकडेच राहतं आणि पुन्हा वापरलं जातं. दुसऱ्या प्रकारात पेशीच्या बाह्य पटलालाच फुगवटा येतो आणि तो तुटून वेगळा होतो. या पुटिका बऱ्याचदा मोठ्या, १०० ते १००० नॅनोमीटरच्या असतात. तिसरा प्रकार एक्झोसोमचा. पेशीच्या आत एक मोठी पिशवी असते, तिच्या पोटात अनेक लहान पुटिका असतात, आणि ती मोठी पिशवी बाहेरच्या पटलाला जुळली की पोटातल्या सगळ्या पुटिका एकदम बाहेर पडतात.

एकदा बाहेर पडल्यावर एखादी पुटिका कोणत्या वाटेने आली हे ओळखणं फार कठीण. म्हणून या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सुचवलं की उगम सिद्ध केलेला नसेल तर ‘एक्झोसोम’ न म्हणता ‘लहान पेशीबाह्य पुटिका’ म्हणावं. इथे मी एक्झोसोम हा शब्द फक्त तिसऱ्या वाटेसाठी वापरतो आहे.

एक्झोसोमचा शोध कसा लागला?

तांबड्या रक्तपेशींमुळे. रक्ताच्या तपासणीत ‘रेटिक्युलोसाइट काउंट’ असा एक आकडा तुम्ही पाहिला असेल. रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकतंच केंद्रक टाकून दिलेली, अजून पूर्ण तयार न झालेली तांबडी पेशी. हिमोग्लोबिन बनवण्यासाठी तिला लोह लागतं. ते रक्तातून आणून देणारं प्रथिन म्हणजे ट्रान्सफेरिन, आणि ते पकडायला तिच्या अंगावर ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारी प्रथिनं, असतात. पेशी पक्व झाली की हे ग्राही नाहीसे होतात. जातात कुठे?

सगळ्यांचा अंदाज होता की ते पेशीच्या आत लयकारिकेत पचत असतील. आठवीच्या पुस्तकात भेटलेली, विकरांनी भरलेली तीच लयकारिका. १९८३ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की तसं होत नाही. अमेरिकेत सेंट लुईस इथे क्लिफर्ड हार्डिंग, जॉन ह्यूझर आणि फिलिप स्टाल यांनी उंदराच्या जातीतल्या रॅटच्या पेशी वापरल्या. कॅनडात माँट्रियलला रोझ जॉनस्टोन आणि बिन-ताओ पॅन यांनी मेंढीच्या. सेंट लुईसच्या गटाने ट्रान्सफेरिनला सोन्याचे सूक्ष्म कण जोडून त्याचा माग काढला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते असं: ग्राही आधी आत ओढले गेले, मोठ्या पिशवीच्या पोटातल्या लहान पुटिकांवर बसले, आणि मग ती पिशवी पेशीच्या कडेला येऊन उघडली. पचनाला निघालेला माल बाहेर गेला होता.

एक्झोसोम हे नाव या पुटिकांना १९८७ मध्ये जॉनस्टोन यांच्या गटाने दिलं. (आरएनएचे तुकडे करणाऱ्या एका प्रथिनसंकुलालाही पुढे हेच नाव मिळालं. शोधताना दोन्ही विषयांचे लेख एकत्र येतात, सांभाळून.) त्यानंतर कित्येक वर्षं बहुतेकांनी याकडे केरकचरा टाकण्याची पद्धत म्हणून पाहिलं. १९९६ मध्ये ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बी-लसिकापेशी या एका प्रकारच्या प्रतिकारपेशींनी सोडलेले एक्झोसोम टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकारपेशींना चेतवू शकतात. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गटाने त्यांत आरएनए असल्याचं आणि तो दुसऱ्या पेशीत पोचून कामाला लागत असल्याचं दाखवलं. तिथून या विषयाला पूर आला.

पिशवीच्या पोटात पुटिका तयार कशा होतात?

मोठ्या पिशवीच्या पटलाला आतल्या दिशेने खळगा पडतो, खळगा खोल होतो, मान बारीक होते आणि तुटते. हे काम करणाऱ्या प्रथिनांच्या टोळ्यांना ‘एस्कॉर्ट’ म्हणतात. पहिली टोळी माल निवडते, पुढच्या पटल वाकवतात, आणि शेवटची मानेत वेटोळं घालून ती आवळते. उकडीच्या मोदकाच्या कळ्या जवळ आणत आणत आपण टोक मिटवतो, तसंच. फरक एवढाच की इथे मिटवणारी बोटं मानेच्या आतल्या बाजूला असतात. काम झाल्यावर व्हीपीएस४ नावाचं विकर ऊर्जा खर्च करून ही सगळी जुळणी सोडवतं, म्हणजे टोळी पुन्हा वापरता येते.

एचआयव्ही विषाणूसुद्धा पेशीतून बाहेर पडताना याच टोळीला वेठीला धरतो. त्याचं गॅग प्रथिन एस्कॉर्टमधल्या टीएसजी१०१ ला जाऊन चिकटतं.

एस्कॉर्टशिवायही वाट आहे. २००८ मध्ये मिकाएल सिमॉन्स यांच्या गटाने मेंदूतल्या आवरणपेशींत दाखवलं की सिरॅमाइड नावाचा स्निग्ध रेणू पुटिका घडवायला पुरतो. त्याचा आकार शंकूसारखा असतो. असे पुष्कळ शंकू पटलाच्या एकाच पदरात जमले तर पटल आपोआप वाकतं. सिरॅमाइड तयार करणारं विकर बंद केलं की त्या पेशींतून एक्झोसोम कमी सुटतात.

पुटिका तयार झाल्या म्हणजे त्या बाहेर जाणारच ना?

हा प्रश्न कुणी विचारला की मला आनंद होतो, कारण उत्तर ‘नाही’ असं आहे. पुटिकांनी भरलेल्या बहुतेक पिशव्यांच्या नशिबी लयकारिका असते. तिथे पटल, प्रथिनं, सगळं पचतं आणि कच्चा माल पेशीला परत मिळतो. बाहेर जाणाऱ्या पिशव्या त्यातल्या थोड्या.

रेल्वेचा सांधा डोळ्यांसमोर आणा. गाडी एकच, रूळ दोन. एक रूळ लयकारिकेकडे, दुसरा पेशीच्या कडेकडे. सांधेवाल्याचं काम करतात रॅब नावाची लहान प्रथिनं. जीटीपी हा ऊर्जेचा रेणू बांधलेला असताना रॅब चालू, त्याचा एक फॉस्फेट तुटून जीडीपी झालं की बंद. मानवी पेशींत साठाहून जास्त रॅब आहेत आणि प्रत्येकाचा आपला रूळ ठरलेला आहे. पिशवीवर रॅब७ चा जोर असेल तर ती साधारणपणे लयकारिकेकडे वळते. रॅब२७ असेल तर कडेला जाऊन थांबते. काही पेशींत रॅब११ आणि रॅब३५ हे काम करतात.

सांधा कशाने बदलतो? लयकारिकेची आम्लता राखणारा पंप बॅफिलोमायसिन या रसायनाने बंद केला की पचन अडतं आणि बाहेर पडणाऱ्या एक्झोसोमची संख्या वाढते. उलट, विषाणूसंसर्गात इंटरफेरॉन या धोक्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनाच्या सांगण्यावरून आयएसजी१५ हे लहान प्रथिन तयार होतं. ते टीएसजी१०१ ला जोडलं गेलं की पिशव्या लयकारिकेकडे वळतात आणि सुटणं घटतं. हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे ‘ही पेशी जास्त एक्झोसोम सोडते’ असं दिसलं तर पहिला प्रश्न असा हवा: तिने जास्त बनवले, की पचवायचे राहिले? दोन्हींत बाहेरचा आकडा सारखाच दिसतो.

रॅब२७ चं नाव इतकं का घेतात?

पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये क्लोटिल्ड तेरी यांच्या गटाने २०१० मध्ये हीला पेशींत (प्रयोगशाळांत सर्रास वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगपेशी) एकेक रॅब बंद करून पाहिलं. रॅब२७ए किंवा रॅब२७बी बंद केला की एक्झोसोम सुटणं घटलं. मजा अशी की दोघांचं काम सारखं नव्हतं. ए नसेल तर पिशव्या फुगून मोठ्या झाल्या, बी नसेल तर त्या कडेला जायच्या ऐवजी केंद्रकाभोवती गोळा झाल्या.

माणसांत रॅब२७ए चं जनुक जन्मतःच बिघडलेलं असेल तर ग्रिसेली सिंड्रोमचा दुसरा प्रकार होतो. बाळाचे केस चंदेरी-करडे असतात, कारण रंगपेशींतली रंगकणांची पिशवी कडेपर्यंत नीट पोचत नाही. केसांचं एवढं नाही. भीती दुसरी आहे: मारक टी-पेशींना आपल्या विषाच्या पिशव्या सोडता येत नाहीत, संसर्ग झाल्यावर प्रतिकारशक्ती थांबायची कळत नाही आणि ती स्वतःच्या शरीरावर उलटते. उपाय अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. तान्ह्या बाळाचे केस चंदेरी, त्वचा घरच्यांपेक्षा फिकट आणि ताप हटत नाही, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना केसांबद्दल आवर्जून सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली केस पाहूनही पहिला अंदाज येतो.

पटलाला जुळण्याची शेवटची क्रिया कशी घडते?

दोन पटलं आपणहून जुळत नाहीत. त्यांच्या मधलं पाणी पिळून काढायला ऊर्जा लागते. पुटिकेवर एक आणि पेशीपटलावर दुसरी अशी स्नेअर प्रथिनं असतात. ती एकमेकांत पीळ घालत घट्ट होतात आणि दोन्ही पटलांना जवळ खेचतात. यीस्टच्या जनुकांवरून हा मार्ग उलगडणारे रँडी शेकमन, स्नेअरचं काम दाखवणारे जेम्स रॉथमन आणि चेतापेशीतली वेळेची चावी शोधणारे थॉमस सुडॉफ यांना २०१३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

वेळेची चावी म्हणजे कॅल्शियम. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असतं, आणि पेशी ते सतत बाहेर ढकलत राहते. आवेग आला की चेतापेशीच्या टोकाचे कॅल्शियमचे दरवाजे उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, पुटिकेवरचं सिनॅप्टोटॅग्मिन नावाचं प्रथिन ते पकडतं आणि मिलिसेकंदाच्या आत पुटिका उघडते. इतकं झटपट घडतं, कारण सगळी तयारी आधीच झालेली असते. स्नेअर अर्धवट पिळलेली, कॉम्प्लेक्सिन नावाचा खिळा मध्ये अडकवलेला. मेंदूतल्या एका लहान संपर्कस्थानी साधारण दोनशे पुटिका असल्या तरी अशा सज्ज पुटिका मोजक्याच असतात. आणि आवेग आला तरी पुष्कळदा एकही उघडत नाही.

हा हिशेब पहिल्यांदा लावला बर्नार्ड काट्झ यांनी. १९५२ मध्ये पॉल फॅट आणि त्यांनी बेडकाच्या स्नायूत पाहिलं की चेतातंतू शांत असतानाही अधूनमधून सारख्याच आकाराचे बारीक विद्युत झटके येतात. मोठा संदेश म्हणजे अशा अनेक बारीक झटक्यांची बेरीज, असं पुढे स्पष्ट झालं. एक झटका म्हणजे एक पुटिका.

एक्झोसोमलाही कॅल्शियम लागतं का?

बऱ्याच पेशींत आतलं कॅल्शियम वाढवलं की एक्झोसोम जास्त सुटतात, पण चेतापेशीची ती घाई इथे नसते. हा व्यवहार मिनिटांचा आणि तासांचा.

२०१८ मध्ये तो प्रत्यक्ष पाहिला गेला. संशोधकांनी पिशवीतल्या सीडी६३ प्रथिनाला असा चमकणारा रेणू जोडला, जो आम्लात विझतो. पिशवीच्या आत आम्लता असते, त्यामुळे तिथे अंधार. पिशवी बाहेर उघडली, आम्लता गेली, की त्या जागी लख्ख ठिपका. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे लुकलुकतात तशी ही हीला पेशी दिसते. हिस्टामाइन हे शरीरातलं संदेश देणारं रसायन दिल्यावर ठिपके वाढले. ग्राहीकडून निघालेल्या संदेशाने स्नॅप२३ या स्नेअरवर फॉस्फेट बसतो आणि अडसर सैल होतो, हे त्यातून कळलं. म्हणजे शेजारपाजारची परिस्थिती पाहून पेशी सोडण्याचा वेग बदलते.

हे यंत्र बिघडलं तर काय होतं? रोजच्या आयुष्यातलं उदाहरण द्या.

धनुर्वात. त्या जंतूचं विष मज्जारज्जूतल्या आवर घालणाऱ्या चेतापेशींत शिरतं आणि पुटिकेवरचं स्नेअर कापतं. आवर घालणारं रसायन सुटत नाही, म्हणून स्नायू आखडून बसतात. बोट्युलिनम विषही स्नेअरच कापतं, पण थेट स्नायूला जोडलेल्या टोकाशी, म्हणून तिथे स्नायू सैल पडतो. बोटॉक्सच्या इंजेक्शनने सुरकुत्या जातात त्या यामुळे. कात्री जवळजवळ तीच, जागा वेगळी, आणि परिणाम अगदी उलटे.

आपल्या गावांसाठी याहून महत्त्वाचं उदाहरण मण्यारीचं. नागाच्या विषातले चेतापेशींवर काम करणारे घटक मुख्यतः स्नायूच्या बाजूचे ग्राही अडवतात. मण्यारीच्या विषात त्यासोबत चेतातंतूचं टोकच खराब करणारे घटक असतात. पुटिका संपतात, नव्या भरत नाहीत, टोक पुन्हा उभं राहायला दिवस लागतात. म्हणून मण्यार चावलेल्या माणसाला प्रतिविष देऊनही कधीकधी कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, आणि नागदंशात उपयोगी पडणारं निओस्टिग्मिन हे औषध इथे भरवशाचं नसतं. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखणं आणि पापण्या जड होणं एवढंच दिसलं तरी थेट रुग्णालय गाठा. टोक एकदा निकामी झालं की प्रतिविष ते दुरुस्त करू शकत नाही. त्यामुळे गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

पिशवी उघडली की एक्झोसोम लगेच निघून जातात?

नेहमी नाही. टेदरिन नावाचं प्रथिन एका टोकाने पेशीला आणि दुसऱ्या टोकाने एक्झोसोमला धरून ठेवू शकतं. टेदरिन काढून टाकलेल्या पेशींतून एक्झोसोम जास्त प्रमाणात दूर जातात. थोडक्यात, उंबरठ्यावरही एक अडसर आहे.

कर्करोगाच्या पेशी जास्त एक्झोसोम सोडतात, मग सोडणंच बंद करणारं औषध का नाही?

सोडण्यासाठी वेगळी यंत्रणा नाही म्हणून. रॅब२७ए अडवला तर मारक टी-पेशीही अडतील, आणि त्याच तर कर्करोगाशी लढतात. एस्कॉर्ट अडवलं तर पेशीविभाजनाचा शेवटचा टप्पा बिघडेल, कारण दोन पिल्लू-पेशींमधला शेवटचा धागाही एस्कॉर्टच तोडतं. प्रयोगशाळेत जीडब्ल्यू४८६९ हा सिरॅमाइडचा मार्ग अडवणारा पदार्थ सर्रास वापरतात. त्याने एक्झोसोम घटतात, पण काही पेशींत बाह्य पटलावरून तुटणाऱ्या मोठ्या पुटिका वाढल्याचं दिसलं आहे. एक दार लावलं की दुसरं किलकिलं होतं. अशा एकाच पदार्थावर आधारलेला निष्कर्ष मी तरी अर्धवटच मानतो.

किती सुटले हे मोजतात कसं?

पेशी वाढवलेलं द्रव घेऊन आधी कमी वेगाने फिरवून पेशी आणि तुकडे काढायचे, मग गुरुत्वाच्या सुमारे १,००,००० पट जोराने फिरवून पुटिका तळाला बसवायच्या, आणि लेसरच्या प्रकाशात त्यांची थरथर बघून कण मोजायचे. यंत्र कण मोजतं, एक्झोसोम ओळखत नाही. पेशींना खाद्य म्हणून दिलेल्या वासराच्या रक्तद्रवातच मुळात अशा पुटिका असतात, मेलेल्या पेशींचे तुकडे असतात, लायपोप्रोटीन (रक्तातून चरबी वाहणारे कण) असतात. शिवाय पेशी सोडलेल्या पुटिका परत गिळतही असते, म्हणून हाती येणारा आकडा सोडलेल्यातून गिळलेले वजा करून उरलेला. प्रकल्प करणाऱ्या मुलांनो, पेशींशिवाय नुसत्या खाद्यद्रवाचा आकडा सोबत मांडल्याशिवाय आलेख दाखवू नका.

क्लिनिकमध्ये एक्झोसोमचं इंजेक्शन किंवा फेशियल सुचवलं आहे. घ्यावं का?

इंजेक्शन घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) ६ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर इशारा दिला होता: नेब्रास्का राज्यात एक्झोसोम म्हणून विकलेल्या उत्पादनांनी उपचार घेतलेल्या रुग्णांना गंभीर अपाय झाले, आणि असं एकही उत्पादन त्यांनी मंजूर केलेलं नाही. वर वाचलंत त्यावरून अडचण कळेल. तीच पेशी परिस्थितीनुसार वेगळा माल वेगळ्या प्रमाणात सोडते. बाटलीत काय आहे हे मूळ पेशी कोणती, ती कशी वाढवली, पुटिका कशा वेगळ्या केल्या यावर ठरतं. हे प्रश्न क्लिनिकला लेखी विचारा, आणि कोणत्या आजारासाठी कुणाची मंजुरी आहे तेही. चेहऱ्याला वरून लावायचं म्हणत सुया टोचणार असतील तर तेही इंजेक्शनच समजा.

यातलं काही साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल का?

एक्झोसोम नाही, पण अडवून धरलेला साठा क्षणात सुटताना दिसेल. वाळलेलं गवत डबक्याच्या पाण्यात आठवडाभर ठेवा, पॅरामेशियम नावाचे एकपेशीय जीव वाढतील. त्याच्या पटलाखाली ट्रायकोसिस्ट नावाच्या लांबट पिशव्या हजारोंनी दाटीवाटीने लावून ठेवलेल्या असतात, प्रत्येक पटलाला टेकलेली. काचपट्टीच्या कडेला पेनच्या शाईचा किंवा पातळ केलेल्या व्हिनेगरचा एक थेंब सोडा आणि भिंगातून नजर हलवू नका. शाई पोचते त्या क्षणी पॅरामेशियमभोवती बारीक सुयांचं कुंपण उभं राहतं. तिथेही चावी कॅल्शियमचीच आहे.